तळ्याचा प्लॉट कसा होतो

भरतीची वेळ काढायचा कोकणात एक जुना हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या खाडीत घड्याळ लावून बसलात तर तासाभराचा फरक सापडेल. पण मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक येण्याआधी होडी लोटायची की नाही हे ठरवायला एवढं पुरत होतं.

हा हिशेब मनात धरून फेब्रुवारी-मार्चातल्या एखाद्या पौर्णिमेला, दुपारी बाराच्या आगेमागे, नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकाठच्या तळ्यांपाशी जाऊन उभे राहा. आधी तळं बरंचसं रिकामं दिसतं. मग खाडीच्या बाजूने एक गुलाबी रेघ उठते, जवळ येता येता तिचे ठिपके होतात आणि ठिपक्यांचे फ्लेमिंगो. उतरले की ते फारसं काही करत नाहीत. एक पाय पोटाशी, मान मागे वळवलेली, चोच पिसांत. माणसं हौसेने मोठमोठ्या लेन्सा घेऊन येतात आणि पाहुणे ढाराढूर झोपतात.

झोपायलाच आलेले असतात ते. ओहोटीला ठाण्याची खाडी उघडी पडते, मैलोन्‌मैल चिखल दिसायला लागतो आणि त्या चिखलावरचं शेवाळ, बारीक जीव हे त्यांचं जेवण. चोच उलटी करून पाणी गाळत गाळत ते पुढे सरकतात. भरती आली की तोच चिखल पुरुषभर पाण्याखाली जातो. पाय कितीही लांब असले तरी तिथे उभं राहता येत नाही. म्हणून पाणी उतरेपर्यंतचे पाच-सहा तास काढायला त्यांना जवळच उथळ, शांत जागा लागते. नेरुळची तळी, उरणकडे पाणजे, पलीकडे भांडुपची उदंचन केंद्राजवळची (पंपिंग स्टेशनजवळची) पाणथळ ही त्यांची विश्रांतीची ठिकाणं. खाडी म्हणजे स्वयंपाकघर आणि तळी म्हणजे झोपायची खोली, असं समजा.

आता गंमत पाहा. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. तेव्हा भोवतालचा पट्टा धरून क्षेत्र मोजलं गेलं ६,५२१ हेक्टर. पण नेरुळची आणि पाणज्याची तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. स्वयंपाकघराला सरकारी संरक्षण आणि झोपायची खोली विक्रीला. किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा वाचवण्याचा सगळा वाद या एका वाक्यात मावतो. पक्ष्यांपुरता तो नाही, हे पुढे येईलच.

पडीक म्हणजे काय?

खाडीकाठच्या जमिनीला आपल्याकडे किती शब्द आहेत! भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ते खाजण. बांध घालून खारं पाणी अडवलं आणि भात लावला की ती खारजमीन किंवा खार. त्या बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात: पावसाळ्यात शेतातलं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि समुद्राचं आत येऊ द्यायचं नाही. मीठ पिकवायचं ते आगर, त्यावरूनच आगरी. चिखलात उभी असलेली तिवरं, चिप्पी, कांदळ यांचं मिळून कांदळवन. गोव्यात याच बांध-दाराच्या व्यवस्थेला खाजन आणि मानस म्हणतात; तिथली खाजनं शेकडो वर्षं जुनी आहेत आणि किनारी नियमांत त्यांचा वेगळा उल्लेख आहे.

इतके शब्द एका निरुपयोगी जमिनीला मिळत नसतात. पण सातबारा हातात घ्या. यातली बरीच जमीन 'पोटखराबा' नाहीतर 'पडीक' म्हणून लिहिलेली सापडते. महसुलाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती, कारण जिथे सारा लावण्याजोगं पीक नाही ती जमीन खराब, असा तो हिशेब होता. चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी, उघाडीच्या तोंडाशी सापडणारा जिताडा यांची पिकात गणती कोण करणार? पुढे शहर आलं आणि नियोजनाच्या नकाशावर 'पडीक'चा अर्थ 'मोकळी जागा' झाला. मोकळ्या जागेचा अर्थ काय होतो ते मुंबईकराला सांगायला नको.

या जागा 'स्पंजासारखं पाणी शोषतात' असं सर्रास लिहिलं जातं. खाडीकाठापुरती ही उपमा मला फारशी पटत नाही. खाडीचा चिखल आधीच पाण्याने तुडुंब असतो, तो आणखी काय शोषणार? तिथे खरं काम साठवणीचं आहे. हिशेब साधा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एवढ्या तळ्यात एक मीटर पाणी चढलं तर १०,००० घनमीटर झालं, म्हणजे एक कोटी लिटर. दहा हजार लिटरचे हजार टँकर. आता वस्तीवर पाऊस पडू द्या, १०० मिलिमीटर. काँक्रीट-डांबरातून जवळजवळ सगळं वाहून जातं असं धरलं, तर दहा हेक्टर वस्तीवरचं पाणी बरोबर तेवढंच भरतं: एक कोटी लिटर. एक हेक्टर तळं बुजवलं म्हणजे दहा हेक्टर वस्तीच्या १०० मिलिमीटर पावसाला तुम्ही सांगितलंत, बाबा, दुसरीकडे जा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. दुसरीकडे म्हणजे कुठे गेला ते तळमजल्यावर राहणाऱ्यांना पाठ आहे.

भरतीला हे जास्तच जाचतं. मोठ्या उधाणाला खाडीची पातळी गटारांच्या तोंडापेक्षा वर जाते. पाणी बाहेर पडत नाही, उलट आत घुसायला बघतं. नवी मुंबई बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. खाडीकाठची कितीतरी सपाट जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखालची, म्हणून त्यांनी धारण तलाव ठेवले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. उघाडीचीच शहरी आवृत्ती. पुढे या तलावांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली, आणि आता गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागेल अशी अडचण आहे. निसर्ग आणि नियोजन एकाच खड्ड्यात भांडतायत, आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे.

बुलडोझर शेवटी येतो

पाणथळ जागा मारायला यंत्रं लागतात असा आपला समज असतो. यंत्रं येतात, पण सगळ्यात शेवटी. सुरुवात होते ती रस्त्याखालच्या एखाद्या पाइपापासून.

खाडी आणि तळं यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी आता रस्ता, जेट्टीकडे जाणारी वाट किंवा बांध आहे. भरतीचं पाणी तळ्यात येतं ते त्याखालच्या दोन-चार पाइपांतून. हे पाइप बघायला कुणी जात नाही. मी गेलो होतो एकदा. अर्धं तोंड गाळाने भरलेलं, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, एक नारळ आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल. उरलेल्या अर्ध्यातून पाणी येत होतं, आणि त्या धारेच्या तोंडाशी एक ढोकरी अगदी टपून बसली होती. त्या धारेवर पलीकडचं सबंध तळं जगत होतं.

ही धार बंद झाली, मुद्दाम असो की दुरुस्तीच्या कामात दुर्लक्षाने, की पुढचं आपोआप होत जातं. तळं उन्हाळ्यात आटतं. शेवाळ मरतं, पक्षी येईनासे होतात. तळाला भेगा पडतात, पोरं क्रिकेट खेळायला लागतात. मग रात्री एखादा डंपर राडारोडा टाकून जातो, मग दुसरा. दोन-चार वर्षांनी पाहणी होते, तीही उन्हाळ्यात, आणि अहवालात लिहिलं जातं की जागेवर पाणी आढळलं नाही. यात प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा असतो. पाणी नव्हतंच. ते का नव्हतं, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठे नसतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हा हा पाण्याच्या वाटेचा विषय पानभर बातम्यांत आला. पाणी येण्याचे मार्ग बुजल्याच्या तक्रारी रहिवासी आणि पक्षिमित्र आधीपासून करत होते. पुढे सरकारने समिती नेमली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा सुमारे ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याच्या बाजूने कौल दिला. झोपायच्या खोल्यांपैकी एकीला तरी कुलूप लागण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

कायदा आहे, पण रेषा कुठे?

कायदे कमी नाहीत. पहिली किनारा नियमन अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. मग २०११ आणि २०१९ च्या आल्या. बोलताना सगळेच 'सीआरझेड' म्हणतात. कांदळवन, चिखलाचे पट्टे, खारदलदली यांना त्यात सगळ्यात कडक वर्ग आहे. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्या भोवती आणखी ५० मीटर पट्टा. खाडीच्या काठाने पूर्वी १०० मीटरपर्यंत बंधन होतं, किंवा खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढं. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले.

हे मीटर मोजायचे कुठून? भरतीरेषेपासून. आणि इथे एक बारीक कलम आहे, जे वाचल्याशिवाय अर्धे वाद समजत नाहीत. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी बांध किंवा उघाडी बांधलेली असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते असं धरतात. विचार केला तर तर्क बरोबर आहे: शेतकऱ्याने बांध घालून कमावलेली भातजमीन समुद्रात कशी मोजायची? पण यामुळे बांधाचं वय हा कोट्यवधी रुपयांचा प्रश्न होऊन बसतो. जुना बांध सिद्ध झाला की आतली जमीन सीआरझेडच्या बाहेर. कलमातच पुढे म्हटलंय की खारं पाणी झिरपून बांधाच्या आत कांदळवन उगवलं असेल तर त्यालाही संरक्षण आहे. बांधकामाच्या जाहिरातीत हा उत्तरार्ध सहसा येत नाही.

दुसरा कायदा पाणथळ जागांचा, २०१७ च्या नियमांचा. त्यात एक फार चांगला शब्द आहे: प्रभावक्षेत्र. म्हणजे पाणथळीच्या भोवतालचा असा भाग, जिथे काही बांधलं तर पाणथळ बिघडेल. पाण्यासोबत भोवतालच्या जमिनीचाही विचार करा, असं हा शब्द सांगतो. पण हेच नियम भातशेती वगळतात, मिठागरं वगळतात, माणसाने पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी केलेले तलाव वगळतात, आणि जे आधीच सीआरझेडमध्ये आहे तेही वगळतात. आता नेरुळच्या एखाद्या तळ्याची कल्पना करा. एकेकाळी खाजण, मग कुणाचं आगर, मग रस्त्याच्या भरावामुळे अडलेलं पाणी. एका कायद्याच्या मते ते बांधाच्या आत, दुसऱ्याच्या मते माणसाने केलेलं. दोन खुर्च्यांच्या मधोमध बसलेल्या माणसासारखी त्याची गत. 'ही पाणथळ नव्हेच, हा धारण तलाव आहे' हा युक्तिवाद इथूनच जन्माला येतो.

अशा वेळी कोर्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवर नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं. या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालय २००५ पासून कडक आहे, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्याने कांदळवन तोडणं म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असंच म्हटलं. त्याच वर्षी नेरुळच्या तळ्यांपाशी गोल्फ मैदान आणि निवासी संकुल उभं करण्यासाठी विकास आराखड्यात केलेला बदल उच्च न्यायालयाने रद्द केला. जागा आधी 'ना-विकास' होती, ती २०१६ मध्ये कागदावर बदलली होती. प्रकरण मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. झोन बदलायला एक अधिसूचना पुरते, तो पुन्हा जागेवर आणायला रहिवाशांनी खिशातून पैसे घालून वर्षानुवर्षं वकील लावायचे.

घरं नकोत का?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५५ एकर मिठागराची जमीन धारावीकरांच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. समर्थनात सांगितलं गेलं की पूर्व द्रुतगती मार्ग झाल्यापासून तिथे भरतीचं पाणी येतच नाही, मीठही पिकत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसापुढे शेवाळाचं महत्त्व सांगायला उभं राहायची माझी छाती होणार नाही. पण वरचा टँकरांचा हिशेब मला तिथेही सोडत नाही. भरती येत नसली तरी पाऊस येतो, आणि त्या सखल जमिनीवर साठणारं पाणी भराव टाकल्यावर शेजारच्या जुन्या वस्तीत जाईल, किंवा नव्या घरांच्या जिन्यात.

नवी मुंबईत तर प्रश्नाला आणखी एक कड आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेण्यात आली. आगरी-कोळी लोकांची शेतं, मिठागरं, खाडीवरचा हक्क त्यात गेला. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्याची जमीन स्वस्तात गेली, ज्याचा भूखंड अजून कागदावर आहे, त्याला कुणी टॉवरच्या गॅलरीतून सांगतं, 'तळ्याला हात लावू नका.' त्याला राग येणार नाही का? म्हणून पाणथळ वाचवायची लढाई फक्त पक्षिमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लढली की ती निम्मी हरलेली असते. उरणच्या बाजूला पाण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार मासेमारी करणारे आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरणारे गावकरीही करतात, आणि त्यांची साक्ष दुर्बिणीतून बघणाऱ्यापेक्षा वजनदार आहे. त्यांना उघाडी कुठे होती ते माहीत असतं.

भोवतालची जमीन मोकळी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते. समुद्राची पातळी वाढतेय. पाणी वर आलं की कांदळवन हळूहळू जमिनीच्या दिशेने सरकतं; त्याच्या बिया भरतीबरोबर आत जाऊन रुजतात. मागे सरकायला मऊ जमीन हवी. तिथे संरक्षक भिंत आणि पार्किंग असेल तर पुढून समुद्र, मागून भिंत, मध्ये झाडं. ५० मीटरचा पट्टा ही उद्याच्या कांदळवनाची जागा आहे, असं समजून बघितलं की तो रिकामा दिसत नाही.

आणि विमानतळ. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा गेल्या तर पक्षी दुसरीकडे, कदाचित विमानतळाच्याच दिशेने सरकतील, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी दिलेला आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात मुंबईला उतरणाऱ्या विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याशी धडक होऊन तीसहून अधिक पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं.

तुम्ही काय करू शकता

खाडीजवळ फ्लॅट घेत असाल तर 'समोर कायमचं मोकळं' या वाक्यावर जाऊ नका. किनारा व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा सरकारी संकेतस्थळावर मिळतो. त्यात भरतीरेषा कुठे आहे, कांदळवन आणि त्याचा पट्टा कुठे आहे ते बघा, आणि प्रकल्पाला किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी लागली होती का, ती आहे का, हे लेखी मागा. बिल्डर गोड बोलून विषय बदलत असेल तर उत्तर मिळालं असं समजा.

जवळ तळं असेल आणि त्याची काळजी वाटत असेल तर तक्रारीला जागा आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समित्या कांदळवन आणि पाणथळींच्या तक्रारी घेतात. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. पण 'तळं नष्ट होतंय हो' एवढंच लिहून पाठवू नका. पाइपाच्या तोंडाचे दोन फोटो काढा, एक भरतीला, एक ओहोटीला, तारीख-वेळ आणि जागेच्या खुणेसकट. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून काढा. पाहणीला आलेला माणूस उन्हाळ्यातल्या एका दुपारी काय दिसलं ते लिहून जाईल. तुमच्याकडे वर्षभराच्या चोवीस नोंदी असतील, त्यात पाणी कोणत्या महिन्यात थांबलं तेही असेल. जाताना घमेलं घेऊन जाऊ नका मात्र. गाळ आपण उपसायचा मोह होतो, पण त्या चिखलात पाय मांडीपर्यंत जातो. आणि वेळ काढायला ॲप नसेल तर तिथीची पाऊणपट करा, वर तासभर धरा.